भोंग्यावरचे नाव

मु. वडगाव, तालुका नरखेड, जि. नागपूर
दिनांक ६ एप्रिल १९८४

मी, चंपतराव नारायणराव रेवतकर, वय वर्षे बहात्तर, शिक्षण जुनी चौथी उत्तीर्ण, धंदा संत्र्याच्या कलमांची नर्सरी, वडगाव येथील कायम रहिवासी, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने खालील मजकूर लिहून कळवितो.

चि. रविंद्र यास मामाचे अनेक आशीर्वाद. आपल्या सख्ख्या भाच्याला पत्र लिहिताना मामाने आपले नाव-गाव का लिहावे, असे तुला वाटेल. लिहिण्याचे कारण असे की, हे पत्र तू जपून ठेवावेस व पुढे त्यातील शब्द बदलता येऊ नयेत.

जाहिरातीचा प्रयोग तुझ्या आग्रहावरून सुरू केला. 'संत्र्याची बाग : लागवड व निगा' हे पुस्तक फुकट द्यायचे, ज्याला पाहिजे त्याने आपले नाव व गाव लिहून कार्ड टाकायचे, ती नावे गोळा करायची आणि विक्रीचे दिवस आले की त्या प्रत्येकाला भावाचे पत्रक पाठवायचे, अशी तुझी योजना. तीन ठिकाणी पैसे दिले : नागपूरच्या वर्तमानपत्रात चौकट, सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये मध्यंतराची स्लाइड आणि आठवडी बाजारांतून सायकलरिक्षावर फिरणारा नत्थूचा भोंगा. कोणत्या ठिकाणाहून किती लोक येतात ते पाहून पुढील वर्षी तेथेच पैसे घालायचे, असे ठरले.

त्याचा अहवाल : वर्तमानपत्र, कार्डे बरीच. सिनेमा, निरंक. भोंगा, निरंक.

वर्तमानपत्रवाल्यांत मास्तर, वकील व पेन्शनर अधिक आहेत. एकाने आपल्या गच्चीवर कुंडीत संत्रे लागेल काय, असे विचारले आहे. जमीन किती, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलेले नाही.

दुसरी गोष्ट. तुझा मामेभाऊ गेल्याला चार वर्षे झाली. या वर्षीची विक्री संपण्यापूर्वी नर्सरी कोणाच्या हवाली करायची, हे मला ठरवायचे आहे. एक तू आहेस. दुसरी घरात माझी सून श्रीमती सिंधूताई आहे. माझा निर्णय अद्याप झालेला नाही. कोणाच्या नावाने काय चालते, ते मी फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून पाहत असतो. टपालही तेथेच घेतो. याहून जास्त आज लिहीत नाही.

चंपतराव ना. रेवतकर

—

महाल, नागपूर
१५ एप्रिल १९८४

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. आईने ते दोनदा वाचायला लावले आणि तुमच्या नाव-वयापाशी पोहोचल्यावर दोन्ही वेळा पदर तोंडाला लावला.

अहवालाचे आश्चर्य वाटले. सिनेमाचे मी समजू शकतो; मध्यंतरात लोक उठून चिवडा घ्यायला जातात. पण भोंग्याचे एकही कार्ड नाही? नत्थू तर सांगतो की कन्हानच्या बाजारात लोक त्याला थांबवून पत्ता लिहून घेतात. मला वाटते तो फेकतो आहे. तसे असेल तर महिनाअखेर भोंगा बंद करून ते पैसे वर्तमानपत्रात घालू. चौकट मोठी करू.

फक्त एक करा : ज्याच्या त्याच्या नावाचे गठ्ठे वेगळे ठेवा, एकत्र होऊ देऊ नका. सिंधूवहिनींना सगळे माहीत आहे. संक्रांतीला तुम्ही जेवून पडलात, तेव्हा आमचे सविस्तर बोलणे झाले होते.

नर्सरीबद्दल तुम्ही लिहिलेत त्यावर मी काय बोलणार? तुम्ही ठरवाल ते.

आपला,
रविंद्र

—

वडगाव
दिनांक २ मे १९८४

चि. रविंद्र यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील 'ज्याच्या त्याच्या नावाचे गठ्ठे' आणि 'तुम्ही जेवून पडलात, तेव्हा' ही दोन वाक्ये मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत. मी झोपलो असताना माझ्या घरात माझ्या धंद्याविषयी सविस्तर बोलणे झाले, हे तुझ्याच अक्षरात लिहून आले, हे बरे झाले.

आता मी लपविलेले सांगतो. सिनेमा व भोंगा निरंक, असे मी कळविले होते. माझ्या नावाची कार्डे निरंक, एवढाच त्याचा अर्थ होता व तो अर्थ खरा आहे. या पत्त्यावर तुझ्या नावाची दोन पाकिटे आली. सिंधूताईच्या नावाची पत्रे तर इतकी आली की पोस्टमनने विचारले, "बाबा, सूनबाईची सोयरीक जमून राहिली काय?" मी त्याला पाणीही विचारले नाही.

परस्त्रीच्या नावाचे टपाल उघडणे हे सभ्य माणसाचे काम नव्हे, म्हणून मी ते उघडले नाही. ज्याविषयी खात्री नाही ते हाती देणेही योग्य नव्हे, म्हणून मी ते दिले नाही. दोन्ही गठ्ठे सुतळीने बांधून माझ्या लोखंडी पेटीत ठेवले आहेत.

त्यानंतर मी नागपुरास गेलो होतो. तुझ्या घरी आलो नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. प्रथम टॉकीजमध्ये तिकीट काढून बसलो. मध्यंतरात संत्र्याची टोपली घेतलेल्या एका मुलीचे चित्र पडद्यावर आले आणि खाली अक्षरे आली : 'पत्र लिहा : रविंद्र, रेवतकर नर्सरी, वडगाव.' माझ्या पुढच्या बाकावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नर्सरी रेवतकराची आणि नाव तुझे!

दुसऱ्या दिवशी कन्हानचा बाजार होता. नत्थू मला ओळखत नाही. तो भोंग्यात ओरडत होता, "संत्र्याचं पुस्तक फुकट! सिंधूताईच्या नावानं कार्ड टाका!" मी त्याला बाजूला बोलावले.

"कोणाची नर्सरी ही?"

"सिंधूताईची, बाबा. तुमाले कलमा पायजे काय?"

"चंपतराव रेवतकर म्हणून कोणी आहेत, त्यांची नव्हे काय?"

"तो बुढा? असन तिचा सासरा. फाटकापाशी खुर्ची टाकून बसते म्हनतात. त्याले काहून इचारून राहिले? त्याच्याकडं काई नाई."

ऐन बाजारात, भोंगा सुरू असताना हे शब्द उच्चारले गेले. वांगी विकणाऱ्या दोन बायांनी ते ऐकले व त्या हसल्या.

आता स्पष्ट विचारतो. वर्तमानपत्रात माझे नाव, सिनेमात तुझे, बाजारात तिचे. ही नर्सरीची वाटणी मी जिवंत असताना तुम्ही दोघांनी केली, की मी मेल्यावर लागू करायची म्हणून आधीच लोकांच्या तोंडी बसवून ठेवीत आहात? उलट टपाली उत्तर यावे. सिंधूताईशी मी यासंबंधी एक शब्दही बोललेलो नाही व तूही तिला कळवू नये.

चंपतराव ना. रेवतकर

—

महाल, नागपूर
६ मे १९८४

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

मामा, वाटणी नाही हो! ती खूण आहे. तीन ठिकाणी तीच जाहिरात दिली, तर आलेले कार्ड कुठली जाहिरात पाहून आले हे कसे कळणार? लिहिणारा काही 'मी सिनेमा पाहून लिहितो आहे' असे लिहीत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी पत्र कोणाच्या नावाने टाकायचे ते वेगळे दिले. चंपतराव म्हटले की वर्तमानपत्र, रविंद्र म्हटले की सिनेमा, सिंधूताई म्हटले की भोंगा. घरातली तीन नावे सहज सुचली ती घेतली. अशा खुणा कंपन्यासुद्धा ठेवतात. तुम्हाला उठवून सांगायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक.

पण त्या पेटीतल्या पत्रांचे काय? ते लोक महिनाभर पुस्तकाची वाट पाहत आहेत! आणि मी भोंगा बंद करायला निघालो होतो, मामा! तुमच्या निरंकावर विसंबून!

खाली आई सांगते तसे शब्दशः लिहितो :

"दादा, तू काहून असा करून राहिला गा? टॉकीजमंदी जाऊन बसला, न बहिनीच्या घरी आला नाई. पोरीची पत्रं पेटीत कोंडून ठेवली! चार वर्सं झाले, ते पोरगी तुयासाठी खपून राहिली, न तू तिच्यावर पहारा देऊन राहिला. मी येतो तिकडं. येतो म्हंजे येतो. नको म्हनून पत्र पाठवू नको, मले वाचता येत नाई."

आपला,
रविंद्र

—

वडगाव
दिनांक १४ मे १९८४

चि. रविंद्र यास आशीर्वाद.

तुझा खुलासा वाचला. तो पटण्यासारखा आहे. पटण्यासारखे खुलासे मी आयुष्यात पुष्कळ ऐकले आहेत व त्यांपैकी जे खोटे निघाले तेही पटण्यासारखेच होते.

काल संध्याकाळी सिंधूताईला समोर बोलावून तिच्या नावाचा गठ्ठा सुतळीसह, न उघडलेला, तिच्या हवाली केला. तुझी दोन पाकिटे सोबत जोडली आहेत.

आता माझी अट ऐक. तू म्हणतोस, नाव ही नुसती खूण आहे. माणसे येतात ती भोंग्यामुळे. असे असेल तर नावांची अदलाबदल करून पाहू. यापुढे भोंग्यावर माझे नाव राहील व वर्तमानपत्रात सिंधूताईचे. सिनेमा बंद करावा. तेथे शिट्ट्यांव्यतिरिक्त काही मिळत नाही. तुझे म्हणणे खरे असेल, तर भोंग्यावरून माझ्या नावे तितकीच पत्रे येतील व वर्तमानपत्रावरून तिला कुंडीवाले पेन्शनर मिळतील. तसे न होता जर लोक तिच्या नावामागेच फिरले, तर बाजारात नाव पद्धतशीरपणे बसविले गेले, हा माझा समज कायम राहील आणि नर्सरी तुम्हा दोघांपैकी कोणालाही न देता मी ती विकून टाकीन. एक गिऱ्हाईक विचारून गेले आहे.

या अटीची एक प्रत सिंधूताईला वाचून दाखविली आहे. ती म्हणाली, "बरं, मामाजी." एवढेच.

चंपतराव ना. रेवतकर

—

वडगाव
१० जून १९८४

रवीभाऊजींना सिंधूचा नमस्कार.

तुम्ही पाकिटांची गंमत आत्याबाईंजवळ सांगून पाठवली, ती ऐकून खूप दिवसांनी हसले. स्लाइडवरची पोरगी नागपुरात कुठं राहते, असं पुस्तकासाठी कार्ड टाकून कोणी विचारतं का? पण बाकी घरात हसू नाही.

मामाजी माझ्याशी कामापुरतंच बोलतात. सकाळी मी जंबेरीच्या रोपांच्या ओळींत निंदायला बसते, तेव्हा ते मागं येऊन उभे राहतात. नुसते उभे राहतात. गठ्ठ्यातल्या सगळ्यांना मी माफीचं पत्र लिहून पुस्तकं पाठवली, तर प्रत्येक पाकीट बंद करायच्या आधी त्यांनी वाचायला मागितलं आणि एका ठिकाणी विरामचिन्ह राहिलं होतं ते दाखवलं.

खरं सांगू? मले भीती वाटून राहिली. नर्सरी विकली तर मी कुठं जाऊ? माहेरी भाऊ आहे, तो ठेवून घेईल. पण तिथं मी भावाची बहीण राहीन. इथं मी डोळे बांधणारी आहे. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा, पट्टी ओढायची, आणि महिन्याभरानं पट्टी सोडून पाहायचं की डोळा हिरवा आहे का काळा. हे काम मामाजींनीच मला शिकवलं. ह्यांच्या मागं मी जगले ती त्या कामावर.

परवा सावनेरकडचे चार शेतकरी आले होते. त्यांतला लहानूबुवा मामाजींच्या देखत मला म्हणाला, "काहून वं सिंधूबाई, भोंग्यावर बुढ्याचं नाव कसं काय? तू धंदा सोडला काय?" मामाजींनी तोंड फिरवलं. मी म्हणाले, "नाई गा, सोडला नाई." तो म्हणतो, "मंग कोनाच्या हातचं हाय ते सांग. मी नाव पाहून कलम घेत नाई, हात पाहून घेतो."

भाऊजी, हे तुम्हाला नागपुरात माहीत नसेल. इकडं जुनी माणसं कलम घेताना आधी विचारतात, कोणाच्या हातचं? ज्याचा हात लागतो त्याचीच कलमं पाहुण्यांना सांगतात. नत्थूच्या भोंग्यावर माझं नाव ऐकून लोकांना वाटलं की तो हात सांगून राहिला. आम्ही खूण म्हणून घातलं आणि त्यांनी ते तसं ऐकलं. यात मी काही केलं नाही. पण मामाजींच्या अटीत हे कुठं बसतं? लोक माझ्या नावामागं आले तर मीच चोर ठरणार.

आत्याबाई आल्या आहेत म्हणून धीर आहे. त्या मामाजींच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसतात आणि त्यांच्यावर पहारा देतात.

सिंधू

—

वडगाव
दिनांक २२ जुलै १९८४

चि. रविंद्र यास आशीर्वाद.

अदलाबदलीचा निकाल कळवितो. तो माझ्या अपेक्षेप्रमाणे नाही, तुझ्याही नाही.

वर्तमानपत्रात सिंधूताईचे नाव गेल्यावर पत्रे पूर्वीपेक्षा वाढली. त्यांत वकील व मास्तर पूर्वीसारखेच आहेत. परंतु ज्यांना विहीर व जमीन आहे असे शेतकरी त्यांत नव्याने आले. भोंग्यावर माझे नाव गेल्यावर मला पत्रे आली. हे मी समाधानाने लिहिणार होतो. परंतु ती उघडून वाचल्यावर असे दिसले की निम्म्याहून अधिक लोकांनी मला उद्देशून एकच गोष्ट विचारली आहे : 'रा. रा. चंपतराव यांस, आपणाकडे सिंधूताईंच्या हातची कलमे अद्याप मिळतात किंवा कसे, हे कृपया कळवावे.'

म्हणजे पैसे कोठे घातले याने थोडा फरक पडतो. सिनेमात मुळीच घालू नये. वर्तमानपत्रात वाचणारे येतात, भोंग्याने लावणारे येतात. खरा फरक नावाने पडला. अटीप्रमाणे मी नर्सरी विकावयास हवी होती. ते गिऱ्हाईक काल आलेही होते.

परंतु अट लिहिताना माझ्या मनात एक प्रश्न होता व तो अटीत लिहिलेला नव्हता. हे नाव तिने लबाडीने बसविले काय? लबाडी करणारा माणूस समोरच्याला आवडेल तेच बोलतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. 'बरं, मामाजी' हे उत्तर मला म्हणूनच खटकले होते. तेव्हा ते गिऱ्हाईक, कलमे घ्यायला आलेला लहानूबुवा व हिशेबासाठी आलेला नत्थू ही मंडळी उभी असताना मी तिला विहिरीजवळच्या ओळीकडे नेले. त्या ओळीचे डोळे गेल्या हिवाळ्यात मी स्वतः बांधले होते. कलमे उंच झाली आहेत, पाने चांगली आहेत. तरी या संपूर्ण हंगामात तिने त्यांतील एकही विकले नव्हते. हे मी खुर्चीवरून पाहिले होते व त्याचा मी वाईट अर्थ घेतला होता.

मी म्हणालो, "सिंधू, लहानूबुवा कलमे मागतो आहे. याला ही ओळ दे."

ती उभी राहिली. तुझी आई प्रयागा म्हणाली, "दे वं, बाई. म्हातारा म्हनते तर दे."

सिंधू म्हणाली, "नाई देत."

"काय?" मी विचारले. मला ऐकू आले होते.

"नाई देत, मामाजी. हात थरथरून राहिला तुमचा. डोळा वाकडा बसला, पट्टी सैल राहिली. आज हिरवं दिसते, पन वाऱ्यानं जोडापाशी मोडन. लोक मले इचारतात कोनाच्या हातचं. मी काय सांगू? खोटं सांगू? का तुमचं नाव सांगून तुमाले शिव्या खाऊ घालू? तुमाले इकायची असन नर्सरी, तर इका. हे ओळ मी इकू देनार नाई."

लहानूबुवा खाली वाकून जोड पाहू लागला. नत्थूने रिक्षावरचा भोंगा विनाकारण पुसला.

बहात्तर वर्षांत मला तोंडावर नाही म्हणणारे माझे वडील होते. ते गेल्यानंतर आता ही. जी बाई डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती असताना, विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर, माझ्या हातचे काम वाईट आहे असे मला सांगते, ती पाठीमागे माझे नाव चोरीत नाही. इतके मला कळते. जुनी चौथी त्याला पुरेशी आहे.

विकत घेणाऱ्याला मी परत पाठविले. नंतर फावडे मागवून ती ओळ मी स्वतः उपटली. तिने मदत करू पाहिली. मी ती नाकारली. अर्ध्या ओळीनंतर दम लागला तेव्हा स्वीकारली.

सबब, या पत्राने लिहून देतो की आजपासून वडगाव येथील नर्सरी, खुंट, मातृवृक्ष, विहिरीतील पाण्याचा हिस्सा व येणारे सर्व टपाल श्रीमती सिंधूताई रेवतकर हिच्या हवाली केले आहे. तुला वाईट वाटल्यास तसे लिहावे. वाटले नाही असे खोटे लिहू नये. पुढील वर्षीच्या जाहिराती तूच पाहाव्यात. नत्थूचा भोंगा ठेवावा, परंतु तो सर्व बाजार खरोखर फिरतो की कन्हानला बसून राहतो, यावर लक्ष असावे. मला त्याचा अजून संशय आहे.

सिंधूताईने वरील शब्द उच्चारले त्या वेळी समक्ष हजर होते : माझी धाकटी बहीण प्रयागबाई, जिने पदर तोंडाला लावला नाही, नत्थू भोंगेवाला, राहणार कन्हान, लहानूबुवा शेतकरी, ज्याने नंतर तिच्या हातची कलमे घेतली व मला रामराम केला, आणि नाव सांगण्यास तयार नसलेले एक गिऱ्हाईक. पाचवा साक्षीदार म्हणून मी माझे नाव लिहितो. धनी म्हणून नव्हे.

चंपतराव ना. रेवतकर